ज्योती भट्ट : पुसल्या जाणाऱ्या रेषेचे जतन

अंगणातील रांगोळी सकाळी उमटते आणि सायंकाळपर्यंत पावलांखाली विरून जाते. सारवलेल्या भिंतीवरील चित्र फार तर पुढील सणाच्या सारवणापर्यंत राहते. त्याचे कोणास दुःख होत नाही, कारण काढणारा हात घरातच असतो. परंतु तो हातच थांबला तर काय उरेल? या प्रश्नाने बडोद्याच्या एका चित्रकाराच्या कलाजीवनास निराळे वळण दिले. ते चित्रकार म्हणजे श्री. ज्योती भट्ट.

भावनगर येथे १९३४ साली जन्मलेले श्री. भट्ट शिक्षणासाठी बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. तेथे इंदूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले श्री. ना. श्री. बेंद्रे हे त्यांना गुरू म्हणून लाभले. ग्रामीण कारागिरांच्या कामाकडे आदराने पाहणारे श्री. के. जी. सुब्रमण्यन हेही त्यांचे शिक्षक होते. पुढे श्री. भट्ट यांनी त्याच विद्याशाखेत दीर्घकाळ अध्यापन केले.

१९६० नंतरच्या दशकात त्यांनी प्रथम इटलीतील नेपल्स येथे आणि नंतर न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतले. मुद्राचित्रणाची त्यांना विशेष गोडी लागली. या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर रेषा कोरतात अथवा आम्लाने खोल करतात. त्या खाचांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर यंत्राने दाबतात. खाचेतील शाई कागदावर उतरते. एकाच पत्र्यापासून अनेक प्रती निघत असल्याने चित्र अनेकांपर्यंत पोहोचू शकते.

१९६७ मध्ये एका परिसंवादासाठी गुजरातमधील लोककलेची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. निमित्त तेवढ्यापुरते होते, पण काम सुटले नाही. गुजरात, राजस्थान आणि अन्य प्रांतांतील खेड्यापाड्यांतून ते कित्येक वर्षे हिंडले. अनेकदा छायाचित्रकार मित्र श्री. राघव कनेरिया सोबत असत. भिंतीवरील मोर, उंबऱ्यापुढील मांडणे, वृद्ध स्त्रियांच्या अंगावरील गोंदण हे सारे त्यांनी टिपले. त्यांच्या अनेक छायाचित्रांत चित्राबरोबर त्या घरातील माणसेही दिसतात. कोठे चित्र काढणारी स्त्री आहे, कोठे दारात उभी मुलगी. त्यामुळे ती कला कोणत्या अंगणातली आणि कोणाच्या जगण्यातली, हे पाहणाऱ्यास उमजते.

या भ्रमंतीचे ठसे त्यांच्या मुद्राचित्रांतही उमटले. पोपट, देवनागरी व गुजराती अक्षरे, गोंदणाचे ठिपके यांची जुळणी त्यांत आढळते. निरनिराळ्या कापडांचे तुकडे जोडून आजीने गोधडी शिवावी, तशी ही रचना असते. उतारवयात त्यांनी संगणकाचाही उपयोग केला. १९७० च्या दशकात कॅमेरा हाती घेऊन खेडी पालथी घालणारा हा कलावंत नव्या साधनास कधी बिचकला नाही. २०१९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने त्यांचा संग्रह संगणकीय रूपात अभ्यासकांस उपलब्ध केला आहे.

तथापि छायाचित्राची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ते रेषा जपते, परंतु बोटांतून पीठ सोडण्याची रीत शिकवू शकत नाही. ती रीत आईकडून लेकीकडेच जाते. मातीच्या भिंतीच्या जागी सिमेंटची भिंत आली, की सारवणही जाते आणि त्यासोबतचे शिक्षणही. शिवाय लोककलेच्या नोंदींत आकृतीचे वर्णन असते, गावाचे नाव असते. काढणारीचे नाव मात्र बहुधा नसते.

हे काम दूरच्या अभ्यासकावर सोपवून भागणार नाही. शाळेतील मुलांनी आपल्या गावातील एक रांगोळी किंवा भिंतीवरील एक चित्र पाहावे, वहीत उतरवावे, आणि त्याखाली गाव, सण, वर्ष व काढणाऱ्या बाईचे पूर्ण नाव लिहावे. शिक्षकांनी त्या वह्या शाळेत जपाव्यात आणि अधिकाऱ्यांनी त्या मागवून पाहाव्यात. आणि वही मिटण्यापूर्वी त्या बाईकडून चार रेषा स्वतःच्या हाताने काढावयास शिकून घ्याव्यात.