कमानीचे पाटे आणि प्रवासाची सुरक्षितता
(पाथरी येथील वाहनचालकांपुढे केलेले भाषण)



कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरीवरून जातो. येथील काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तेव्हा रस्त्याला गचके आलेच. ते आपल्या ट्रकच्या कमानी सोसतात. परंतु कमान आसालाही जागेवर धरून ठेवते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मुख्य पाटा वा मधला बोल्ट तुटला की आस सरकतो आणि गाडी एका बाजूस ओढली जाते. समोरून बैलगाडी येत असेल तर अनर्थच! शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाले की चाक उसळते, आणि जमीन सोडलेल्या चाकावर ब्रेकचा उपयोग नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५६ अन्वये योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. तथापि ते तपासणीच्या दिवसापुरते बोलते. म्हणून उसाची खेप भरण्यापूर्वी, गाडी रिकामी असतानाच, पाटे व बोल्ट पाहावेत. एक बाजू खचलेली दिसल्यास गाडी भरू नये.