घरातले लाकडी बुद्धिबळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



आपल्या मंडळात आजवर उन्हाळी वाळवणांपासून बाळंतिणीच्या आहारापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने झाली. माझा विषय फलकावर लागला तेव्हा दोघीतिघींनी मला जिन्यातच गाठले. "अहो, बुद्धिबळाच्या डब्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? बत्तीस लाकडाचे तुकडे आणि एक पट!" प्रश्न रास्त आहे. मला या बत्तीस तुकड्यांचा नाद पुष्कळ वर्षांचा आहे आणि घरी लहानमोठे सतरा संच आहेत. पण नादाचे कौतुक सांगायला मी उभी नाही. आपल्या भागातले वाडे आणि जुन्या इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. माळ्यावरून निघालेला बुद्धिबळाचा डबा, त्यात एक प्यादे कमी आहे एवढ्यासाठी भंगारवाल्याच्या गाडीत पडतो. आणि त्याच घरातल्या नातीला वाढदिवसाला चकचकीत, पण खेळायला निरुपयोगी असा नवा संच मिळतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतील. त्यासाठी वस्तूची थोडी पारख हवी, इतकेच.

प्रथम घडणीविषयी. आपल्याकडचे जुने संच पाहिलेत तर त्यांत ना हत्तीला सोंड, ना उंटाला मान. कातारी लेथवर लाकूड फिरवून घुमटासारखे, कळसासारखे आकार काढी आणि खुळखुळ्यावर चढवतात तशी तांबडी-हिरवी लाख त्यांवर चढवी. राजा आणि वजीर ओळखायचे ते उंचीवरून. पटही आजच्यासारखा काळापांढरा नसे. कापडावर नुसत्या रेघा शिवलेल्या आणि काही घरांत फुल्या. डावाचे नियमही थोडे वेगळे होते. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले आणि राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. असा एखादा लाखेचा संच कोणाच्या घरी असेल तर तो ठेवा समजा. मात्र आजच्या मुलांनी स्पर्धेच्या तयारीसाठी त्यावर खेळावे असे मी म्हणणार नाही, कारण मोहरा ओळखण्यातच त्यांचा वेळ जाईल.

आज जगभर जी घडण चालते तिचे नाव स्टॉन्टन. लंडनमध्ये नॅथॅनियल कुक यांनी १८४९ सालच्या मार्चमध्ये तिची नोंदणी केली, जॉन जॅक्स यांच्या कारखान्याने ती बाजारात आणली आणि हॉवर्ड स्टॉन्टन या त्या काळच्या नामांकित खेळाडूने आपले नाव तिला दिले. त्यापूर्वी दर देशाची, एवढेच नव्हे तर दर गावाची घडण निराळी. परक्या संचावर बसलेला खेळाडू गोंधळून जाई. या नव्या घडणीत बुरूज म्हणजे आपला हत्ती, घोड्याचे डोके म्हणजे घोडा आणि फटीची टोपी म्हणजे उंट, हे कोणालाही एका दृष्टीत कळते. तळ रुंद असल्याने मोहरे सहसा पडत नाहीत. आता एक गंमत पाहा. आपण ज्याला वजीर म्हणतो त्याच्या डोक्यावर या संचात राणीचा मुकुट असतो. युरोपात वजिराची राणी झाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. आपल्याकडे मात्र डोक्यावर मुकुट घालूनही ती अजून वजीरच राहिली आहे!

आता नवा संच घ्यायचा तर काय पाहावे?

पहिली गोष्ट माप. जागतिक बुद्धिबळ संघटना, म्हणजे फिडे, राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर असावी असे सांगते. म्हणजे जवळजवळ पावणेचार इंच. वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादे ५ सेंटिमीटर. मोहऱ्याच्या तळाची रुंदी त्याच्या उंचीच्या ४० ते ५० टक्के आणि पटाचे घर ५ ते ६ सेंटिमीटरचे. एवढे आकडे दुकानात लक्षात राहणार नाहीत, म्हणून सोपी खूण सांगते. पटाच्या एका घरात चार प्यादी दाटीवाटीने पण नीट उभी राहिली पाहिजेत. राहिली नाहीत तर पट लहान आहे. मग डाव रंगात आला की मोहरे एकमेकांना कोपर मारू लागतात.

दुसरी गोष्ट वजन. चांगल्या मोहऱ्याच्या तळाला भोक पाडून त्यात शिसे किंवा लोखंड भरतात आणि वर बनात किंवा चामडे चिकटवतात. मोहरा हाताने हळूच कलता करून सोडा. तो डुलून पुन्हा उभा राहिला की समजावे, वजन बरोबर आहे. कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजले तर वजन सुटलेले आहे. जुन्या संचाची बनात निघून शिसे उघडे पडले असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत लहान मुलांच्या हाती देऊ नका. शिसे पोटात जाणे घातक असते.

तिसरी गोष्ट घोडा. बाकीचे मोहरे लेथवर फिरवून होतात, पण घोड्याचे डोके हातानेच कोरावे लागते. त्यामुळे संचाच्या किमतीचा मोठा वाटा या चार घोड्यांचा असतो. आपल्या देशात या कामाचे मोठे केंद्र म्हणजे अमृतसर. तेथे पूर्वी हस्तिदंताचे कोरीव काम होत असे, आता लाकडाचे होते, आणि तेथील संच देशोदेशी जातात. दुकानदार राजा पुढे करील, पण तुम्ही चारही घोडे मागून घ्या आणि रांगेत उभे करा. कान, आयाळ, जबडा सर्वांचे सारखे आहेत का? डोळे नुसते टोचलेले आहेत की कोरलेले? घोडा सुबक असेल तर उरलेले काम बहुधा चांगले निघते. मात्र कानांची टोके फार बारीक असतील तर मुलांच्या घरात ती वर्षभर टिकणार नाहीत, हेही ध्यानात घ्या.

चौथी गोष्ट लाकूड. पांढऱ्या बाजूसाठी बॉक्सवुड हे फिकट पिवळे, दाट लाकूड वापरतात. त्यात बारीक कोरीव काम ढलपे न उडता होते. काळ्या बाजूसाठी आबनूस, शिसम किंवा काळा रंग दिलेले बॉक्सवुड. आबनूस सर्वांत महाग, वजनाने जड आणि दिसायला राजेशाही, पण नीट सुकवलेला नसेल तर उभा तडकतो. शिसमाचा तपकिरी रंग डोळ्यांना सुखावतो आणि ते लाकूड सोशीकही आहे. रंग दिलेल्या लाकडात वाईट काहीच नाही, फक्त ते आबनूस म्हणून आपल्या गळ्यात पडू नये. मोहऱ्याच्या तळाशी किंवा एखाद्या चऱ्यात पाहावे. आत फिकट लाकूड दिसले तर वरचा काळेपणा रंगाचा. 'रक्तचंदन' म्हणून जे तांबडे लाकूड दाखवतात ते पुष्कळदा पडौक असते. खरे रक्तचंदन हे संरक्षित झाड आहे, त्याचा व्यवहार पावतीशिवाय करू नये. आणि हस्तिदंताचा संच कोणी कितीही गोड बोलून दाखवला तरी हात जोडून परत करा. त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

राजस्थानी धाटणीचे अंबारीचे हत्ती, सांडणीस्वार आणि शिपाई असलेले कोरीव संच मला आवडतात. माझ्याकडे तसा एक आहे. पण त्यावर डाव मांडला की हत्तीची सोंड वजिराच्या भाल्यात अडकते. भेट द्यायला, पाहायला तो छान. घरात एकच संच घ्यायचा असेल तर शिसमाचा साधा स्टॉन्टन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना संच पारखायची रीत थोडी निराळी. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी तो मिळतो, पण त्याहून अधिक आपल्या नात्यागोत्यात निघतो. प्रथम मोहरे मोजावेत, दोन्हीकडे सोळा. मग आठही प्यादी ओळीने लावून डोक्यांच्या रेषेवर नजर टाकावी. बदललेले प्यादे उंचीवरून नाही तर रंगावरून लगेच सापडते. सर्वांत आधी मोडतात ते घोड्यांचे कान आणि राजाच्या डोक्यावरचा क्रूस, ते नीट पाहावेत. तळाशी पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा लागला आहे, तो संच घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवावा. एवढे पाहून झाले की एक प्यादे कमी असण्याची भीती बाळगू नका. अजूनही कातारी आहेत. नमुन्याला एक प्यादे दिले की ते जोडीचे दुसरे काढून देतात. एका प्याद्यासाठी एकतीस मोहरे टाकणे म्हणजे एक दात पडला म्हणून माणसाला मोडीत काढण्यासारखे आहे.

माझ्या सतरा संचांत बाजारभावाने सर्वांत हलका संच सासूबाईंच्या माहेरचा. त्यात पांढऱ्या प्याद्याच्या जागी एक सुपारी आहे. ओसरीवर पुरुषमंडळींचा डाव चाले आणि सासूबाई माजघराच्या दाराशी तांदूळ निवडता निवडता तो पाहत. त्यांना कोणी शिकवले नाही आणि कोणी बोलावलेही नाही. पण वडील चुकीचा उंट हलवायला निघाले की आतून खोकल्याचा आवाज येई आणि हात थांबे! लग्नानंतर तो डबा त्यांनी मागून आणला, एवढेच एक मागणे त्यांनी माहेरी केले. मधली दोन प्यादी बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत. एका जाणकाराने मला नवे प्यादे करून घेण्याचा सल्ला दिला. मी ते करून घेतलेही, पण सुपारी त्याच डब्यात आहे. पन्नाशीनंतर सासूबाई रोज दुपारी माझ्याशी एक डाव खेळत. माझा नाद तेथून सुरू झाला.

दाराशी बसून पाहणाऱ्या बायका आता पटाशी बसल्या आहेत, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. १९३३ साली, लंडनमध्ये सर उमर हयात खान यांच्या परिवारात असलेल्या मिस फातिमा ब्रिटनच्या महिला विजेत्या झाल्या. आपल्या देशात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींसह त्या तिघींनी पहिल्या दहा वर्षांत ते अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिले नाही. रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळवले. यांतली प्रत्येक मुलगी कधी ना कधी कोणी तरी पुढे ठेवलेल्या पटाशी प्रथम बसली असेल. तो पट पुढे ठेवणे आपल्या हातात आहे.

जपणुकीचे दोन शब्द सांगते. मोहरे ओल्या फडक्याने पुसू नयेत. कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत मेणाचा पुसट हात द्यावा. पावसाळ्यात डबा भिंतीला टेकवून ठेवू नये, उन्हाळ्यात खिडकीत ठेवू नये. ओलाव्याने गोंद सुटतो आणि उन्हाने लाकूड तडकते. पट उभा न ठेवता आडवा ठेवावा, म्हणजे वाकत नाही. बनातीला कसर लागू नये म्हणून डब्यात कडुनिंबाची वाळकी पाने ठेवावीत, जशी आपण पैठणीत ठेवतो. आणि खरी जपणूक म्हणजे डबा वरचेवर उघडणे. रोज हाताळलेल्या संचातले हरवलेले प्यादे त्याच संध्याकाळी शोधले जाते. माळ्यावरच्या संचातले केव्हा हरवले हेच कोणाला माहीत नसते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या सभागृहात रविवारी सकाळी दोन तास मोकळे असतात. प्रत्येकीने आपल्या, आणि हलायच्या बेतात असलेल्या शेजारणीच्या, माळ्यावरचा डबा खाली काढावा. पूर्ण असो वा अपुरा, येथे आणावा. मोजदाद मी करीन, उणी प्यादी कातारीकडून करून घेऊ. त्याखेरीज एक संच अंध मुलांसाठी घ्यावा असे मला वाटते. त्यात काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्याला खुंटी असते आणि एका बाजूच्या मोहऱ्यांना वेगळी खूण असते, म्हणजे हाताने चाचपून सगळा डाव कळतो. चार-पाच पट मांडले की आपल्या गल्लीतल्या मुलींना, आणि हो, त्यांच्या आज्यांनाही, बसायला हक्काची जागा होईल. कोणी दाराशी उभी राहून पाहत असेल तर तिला आत बोलावून पांढऱ्या बाजूला बसवायचे, एवढा एकच नियम मी सुचवते.