बाळ घरी निघताना

मेळघाटातल्या धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून अनेक कोरकू बाळंतिणी बाळ घेऊन घरी निघतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. परिचारिका सूचना सांगून विचारते, "कळलं ना?" बाई मान डोलावते. या होकारावर विसंबणं धोक्याचं आहे.

त्यापेक्षा आईकडूनच करून घ्यावं. बाळाला छातीशी कसं धरायचं, कसं गुंडाळायचं, औषधाचे थेंब किती, हे तिनं दाखवलं की चूक तिथंच दिसते आणि सुधारतेही. दुभाषी म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला उभं करू नये. रक्तस्रावाबद्दल आई तिच्यासमोर कसं बोलणार? धोक्याच्या खुणा बाळाच्या अंगावर बोट ठेवून समजवाव्यात: दूध न ओढणं, अंग गार पडणं, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, आत ओढली जाणारी छाती, झटके.

घरी गेल्यावरही आईला तिच्या बोलीत सांगणारं कुणी जवळ हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

२०११पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या गावातल्याच, त्यामुळे बोलीही बहुधा आईचीच.

१०२ क्रमांकाची गाडी बाळंतिणीला मोफत घरी सोडते. ती निघण्याआधीच आशाताईंना फोन गेला पाहिजे.