घामांतील मीठ आणि पेशींचा पंप

चंद्रपूर जिल्ह्यांतील घुग्घुस हें गांव कोळशाच्या खाणींसाठीं आणि सिमेंटच्या कारखान्यासाठीं ओळखलें जातें. मे महिन्यांत या भागांत पारा पुष्कळदां ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उघड्या खाणींत वरून ऊन आणि खालून तापलेल्या दगडाची धग, अशा दुहेरी तापांत राबणाऱ्या मजुराच्या सदऱ्यावर सायंकाळीं पांढरे पट्टे उमटतात. कोळशाची धूळ तर काळी. मग हे पट्टे पांढरे कां? तें मीठ असतें, आणि तें त्याच्या रक्तांतून आलेलें असतें. घामांतील पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें.

या मिठाचें मोल प्रथम खाणकामगारांनींच जगाला शिकविलें. इंग्लंडमधील खोल व उष्ण खाणींत कांहीं कामगारांच्या हातापायांत आणि पोटांत असह्य पेटके येत. मॉस नांवाच्या संशोधकानें १९२३ सालीं याविषयींचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिशय घाम गाळून त्यावर केवळ साधें पाणी भरपूर पिणाऱ्यांना हा त्रास होई. पाण्यांत थोडें मीठ मिसळून दिलें कीं त्याला आळा बसे. तहान भागली तरी शरीराची गरज भागत नाहीं, ती कां, हें समजण्यासाठीं पेशीच्या आंत डोकावलें पाहिजे.

शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं अत्यंत पातळ असें पटल असतें. पटलाबाहेरील द्रवांत सोडियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, आंतल्यापेक्षां सुमारें दहापट अधिक असतात. पोटॅशियमची स्थिति उलट. त्याचे आयन आंत सुमारें तीसपट अधिक. ही विषमता आपोआप टिकत नाहीं. सोडियम सतत आंत झिरपत असतें, पोटॅशियम बाहेर. घुग्घुसच्या श्रोत्यांना याचें रहस्य निराळें सांगावयास नको. खाणींत पाणी झिरपतच असतें; तें उपसणारे पंप अहोरात्र चालतात म्हणूनच कोळसा काढतां येतो. पंप थांबले कीं खाण भरते. पेशीचेंही तसेंच आहे. तिचा पंप थांबला तर आंत सोडियम सांचतें, त्यामागोमाग पाणी शिरतें आणि पेशी फुगते.

हा पंप डेन्मार्कमधील आर्हुस येथील येन्स स्कौ या शास्त्रज्ञाला १९५७ सालीं खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंत सांपडला. तो एक प्रथिन आहे. एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्चून तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आंत घेतो. माणूस स्वस्थ पडलेला असतांनाही त्याच्या शरीराच्या एकंदर ऊर्जेचा सुमारें पांचवा हिस्सा या एका कामीं खर्च होतो. या शोधाबद्दल स्कौ यांना १९९७ सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. स्नायूंचें आकुंचन, मज्जातंतूंचे निरोप, मेंदूचा विचार हीं सर्व या विषमतेच्या बळावर चालतात. घाम गेल्यावर केवळ पाणीच पोटांत गेलें, तर बाहेरील सोडियम विरळ होतें, पाणी पेशींत शिरूं लागतें, आणि स्नायू तक्रार करूं लागतात. अतिरेक झाल्यास मेंदूलाही सूज येते.

घामाच्या ग्रंथी मात्र अगदींच उधळ्या नसतात. घाम त्वचेवर येण्यापूर्वीं त्यांच्या नळींतील पेशी त्यांतलें बरेंचसें सोडियम परत घेतात. उन्हांत रोज थोडें थोडें काम केलें, तर एकदोन आठवड्यांत त्या ही काटकसर अधिक चांगली शिकतात. म्हणूनच पहिल्याच दिवशीं पूर्ण पाळीला जुंपलेला नवा मजूर जुन्या मजुरापेक्षां अधिक धोक्यांत असतो. त्याला हळूहळू काम वाढवून देणें, सावली व विसावा देणें, ही मेहेरबानी नव्हे. तो शरीराचा हिशेब आहे.

गेलेलें मीठपाणी परत द्यावयाचें कसें? आंतड्याच्या पेशींत एक विशेष दार आहे. तेथें सोडियम आणि साखर जोडीनेंच प्रवेश करतात आणि त्यांच्यामागून पाणी शिरतें. रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें ही कल्पना मांडली. त्या दाराला बळ पुरवितो तोच पंप. पटकीच्या आजारांत आंतड्यांतून पाण्याचे लोट वाहतात, तरी हें दार उघडेंच राहतें. १९७१ सालीं बांगला देशांतील निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी रुग्णांना तोंडावाटें पाजलें. तीस टक्क्यांच्या घरांतील मृत्यूचें प्रमाण त्यांच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलें. आज महाराष्ट्रांत हेंच औषध जलसंजीवनी म्हणून परिचित आहे.

तिची तयार पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चमचा चहाचा असावा, आणि माप वाढवूं नये. अधिक मीठ अपायकारक असतें. मीठ व गूळ घातलेलें कैरीचें पन्हें उन्हाळ्यांत आपल्या घरांत पूर्वींपासून होत आलें आहे, तें याच धर्तीवर. मात्र उन्हानें ज्याची शुद्ध हरपली असेल त्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये; त्याला सावलींत आणून, अंगावर पाणी मारून, तातडीनें रुग्णालयांत न्यावें.

सदऱ्यावरील पांढरा पट्टा हा नुसता डाग नव्हे. पेशींनीं क्षणोक्षणीं इंधन जाळून जें राखलें, त्यांतील किती उन्हानें नेलें याची ती नोंद असते. ती वाचून मजुराच्या मडक्यांतील पाण्याची, मिठाची आणि त्याच्या विसाव्याची सोय वेळींच केली, तर उन्हाळ्यांतील कित्येक संसार सुरक्षित राहतील.