नकाशा, न्यायालय आणि हवामानशास्त्र

न्यू टाउनच्या दक्षिणेस विस्तीर्ण तळी आहेत. तेथील लोक त्यांना ‘भेरी’ म्हणतात. हुगळी नदी कोलकात्याच्या पश्चिमेस असली, तरी जमिनीचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे शहराचे सांडपाणी नदीकडे न जाता या पाणथळीकडे वाहत येते. उथळ पाण्यात ऊन खोलवर पोचते, जीवाणू घाण कुजवितात, शेवाळ वाढते आणि त्यावर मासे पोसले जातात. तळ्यातून सुटलेले पाणी पुढे भातखाचरांना मिळते. शहराला मासळी व भाजीपाला मिळतो, आणि यंत्रे व वीज यांवाचून सांडपाणी शुद्ध होते. ही विद्या तेथील मच्छीमारांनी व शेतकऱ्यांनी अनुभवाने सिद्ध केली होती. सरकारी दप्तराला मात्र तिचा पत्ता नव्हता.

ध्रुवज्योती घोष हे पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील अभियंते. १९८० नंतरच्या दशकात शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेत ते या भेऱ्यांपर्यंत पोचले. त्यांनी मच्छीमारांस अडाणी मानले नाही. उलट त्यांच्याकडून ते शिकले. स्थापत्यशास्त्र, जीवशास्त्र आणि लोकांची जाण यांचा मेळ घालून सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राचा नकाशा तयार झाला. १९९२ मध्ये या पाणथळीवरील बांधकामाचा वाद कोलकाता उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी ही जमीन अन्य कामासाठी वापरण्यास मनाई केली. त्या निर्णयाला आधार होता तो या नकाशाचा. २००२ मध्ये रामसर कराराच्या यादीत या क्षेत्राचा समावेश झाला आणि २००६ मध्ये राज्याचा स्वतंत्र कायदा आला.

विखुरलेले ज्ञान एकत्र करून ते निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवणे, हेच काम जागतिक पातळीवर हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळ १९८८ पासून करीत आले आहे. हे मंडळ स्वतः नवे संशोधन करीत नाही. प्रसिद्ध झालेले संशोधन तपासून त्याचा एकत्रित निष्कर्ष मांडते. प्रत्येक विधानाबरोबर त्याची खात्री किती, हेही सांगितले जाते. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश तर सर्व सरकारांचे प्रतिनिधी ओळीओळीने तपासून संमत करतात. हे काम कंटाळवाणे खरे; परंतु एकदा मान्य केलेले विधान नंतर नाकारणे कोणत्याही सरकारला अवघड जाते, हा त्यातील मोठाच लाभ होय. धोरण कोणते असावे, हे मात्र मंडळ ठरवीत नाही.

मंडळाच्या २०२१ च्या अहवालात, १९५० ते २०१८ या काळात कोलकात्याचे तापमान २.६ अंश सेल्सियसने वाढल्याचे दाखविले आहे. त्यात पृथ्वीच्या तापण्याबरोबर शहराच्या वाढीचाही वाटा आहे. तथापि असा आकडा नगररचनाकाराच्या टेबलावर आला, तरी कोणता भूखंड मोकळा ठेवावा, हे तो सांगत नाही. ते सांगण्यास भेरीच्या बांधावर उभे राहून काढलेला नकाशाच लागतो. मोठे शास्त्र आणि गावचे शास्त्र यांमधील ही दरी अद्यापि पुरती बुजलेली नाही.

न्यू टाउनच्या उभारणीसाठी १९९९ मध्ये ‘हिडको’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि राजारहाटच्या शेतजमिनींवर व तळ्यांवर हे नगर उभे राहिले. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ आले आणि महानगराचे पुष्कळ भाग जलमय झाले. पावसाचे पाणी जावे कोठे, हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. घोष १६ फेब्रुवारी २०१८ रोजी निवर्तले. त्यांच्या नकाशातील सीमेच्या आत अनधिकृत भराव आणि बांधकामे यांविषयीच्या तक्रारी त्यांच्यामागेही चालूच राहिल्या.