विजेची गाडी आणि वस्तीवरची वीज

टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. सुरुवातीला ती तयार व्हायची आपल्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात. गाडी गावची झाली, पण तिच्या भरवशावर घरची जुनी डिझेलगाडी विकून टाकावी का, हा प्रश्न शिरूर-दौंडकडे अजून पारावरच आहे.

बहुतेक जण विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती जाते? पहिल्या नेक्सॉनची बॅटरी साधारण 30 युनिटची. कागदावर 312 किलोमीटर, रस्त्यावर 200 धरून चाला. शिरूर काय, दौंड काय, पुण्याला जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. भागतं. वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत तर ही गाडी फायद्यातच राहते. उभ्या उभ्या तेल जळत नाही.

खरी मेख आहे ती गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे. गावठाण फीडरवर घर असेल तर पंधरा अँपियरच्या प्लगवर लावा, सकाळी भरलेली मिळेल. पण आपली निम्मी घरं उसात, वस्तीवर. तिथली तार शेतीपंपांच्या फीडरवरची. थ्री फेज पाळीनं येते, एरवी सिंगल फेजवर दिवे लागतात. रात्रपाळी आली की डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. अशा विजेवर गाडी रात्रभर तीन किलोवॅट ओढायला बघते.

त्यात अर्थिंग. जुन्या घरांत ते नावापुरतं असतं; फ्रिज, टीव्ही कधी तक्रार करत नाहीत. चार्जर करतो. लाल दिवा लावतो आणि वीज घ्यायचीच नाकारतो. मग कोळसा-मीठ घालून नवा खड्डा घ्या, आणि वैशाखात त्यात बादलीभर पाणी ओतत राहा.

रात्रपाळीत पाणी द्यायला जाताना बिबट्याची भीती, म्हणून शिरूर-जुन्नरचे शेतकरी दिवसा वीज मागतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. मोटारी दिवसा चालल्या तर रात्रीचं व्होल्टेज सुधारेल, आणि गाडीचंही आपोआप जमेल. हा फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही.

छतावर सोलर घेऊ म्हणाल, तर जरूर घ्या. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. एवढ्या पॅनेलवर चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर सुटतात. पण बॅटरी नसलेलं हे सोलर लाइनची वीज गेली की स्वतःही बंद होतं, लख्ख ऊन असलं तरी. लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं.

आता 'घरात ही एकटीच गाडी' म्हणताना आपण थोडं फसवतोच. आपल्याकडे दारात मोटारसायकल असते, बऱ्याच घरी ट्रॅक्टर, आणि दौंडकरांना तर रेल्वे. रोजची अडचण निघते. भीती असते ती रात्री-अपरात्री कुणाला पुण्याच्या दवाखान्यात न्यायची. त्यावर उपाय एकच, बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही. तुळजापूर किंवा कोकण निघालं तर हमरस्त्यावर तासभर थांबायची तयारी ठेवा, दिवाळीत रांगेचीही. रस्ता सोडून आत वळलात की पंधरा अँपियरचा प्लग हाच चार्जर.

शिरूर किंवा दौंड शहरात स्वतःच्या जागेत गाडी लावणाऱ्यानं ही एकच गाडी खुशाल ठेवावी. वस्तीवरच्यानं मात्र बुकिंगआधी वायरमनला विचारावं, आपल्या डीपीवर मोटारी किती, आणि एका रात्री व्होल्टेज मोजून घ्यावं. पण ही परीक्षा पावसाळ्यात करू नका. तेव्हा मोटारी बंद असतात आणि व्होल्टेज झकास दिसतं. ऊस भिजवायच्या दिवसांत, रात्रपाळी चालू असताना मोजा.