पाठ तुडवून घेण्याआधी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आमच्या गटाच्या बैठकीत बचतीच्या आधी कंबरेचंच बोलणं निघतं. दिवसभर वाकून विळा चालवायचा, अन् रात्री साठीच्या बाया नातवाला म्हणतात, "ये रे, पाठ तुडव." चमक भरली तर पायाळू माणूस शोधून त्याची लाथ लावून घेतात. आम्हीही हे लहानपणापासून पाहत आलो. पण म्हातारपणी हे बंदच करा. पाळी गेल्यावर बाईची हाडं ठिसूळ होत जातात. तशा पाठीवर पोराचं वजन पडलं तर मणका दबून मोडू शकतो.

मग हात लावायचाच नाही का? लावायचा, पण हलका. मणक्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर तेल चोळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी शिफारसी केल्या, त्यांत व्यायाम आहे, मालिशही आहे. पट्टा मात्र सरसकट बांधू नका, असं त्यात म्हटलंय. (पट्टा विकत घेतलेल्या आमच्यातही बऱ्याच जणी आहेत!)

चोळल्याचा आराम थोडा वेळ टिकतो, बळ येतं ते व्यायामानं. सतरंजीवर उताण्या झोपा, गुडघे उभे करून तळपाय टेकवा. पोट आत ओढून कंबर जमिनीला दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. श्वास कोंडू नका. मग तशाच पडून कंबर हळूच वर उचला, हळूच खाली ठेवा. खाली बसणं जमत नसेल तर भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून उठा, बसा. हात टेकले तरी चालेल. सुरुवातीला पाच-पाच वेळा पुरे. रोज थोडं चाला. पायाचे अंगठे धरायला पुढं वाकण्याचे व्यायाम म्हाताऱ्या बाईने करू नयेत. कळ पायात उतरली तर थांबा. अन् दुखतं म्हणून दिवसेंदिवस पडून राहू नका, त्यानं कंबर आणखी आखडते.

पडल्यावर दुखणं लागलं, ताप येतो, वजन उतरतं, रात्रीही कळ थांबत नाही, तर व्यायाम नको, आधी डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा झालेली कळेना, तर सकाळची वाट न पाहता वाशिमचं जिल्हा रुग्णालय गाठा. हे सांगायला आयाबाया लाजतात. म्हणून सुनांनो, तुम्हीच विचारा.